आफ्रिकन कवितेमुळे स्वातंत्र्यलढ्याला खरंच बळ मिळालं, की हे नंतरचं कौतुक?

मिळालं. "कवितेनं काय होतंय" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

१० नोव्हेंबर १९९१. गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीमुळे पडलेल्या वीसेक वर्षांच्या बहिष्कारानंतर दक्षिण आफ्रिकेचा संघ ईडन गार्डनवर भारताविरुद्ध उतरला होता. मिरजेच्या घरी टीव्हीपुढे ही गर्दी. त्यांच्या डोनाल्डनं पाच बळी घेतले तसे मामा हळहळले, "एवढी गुणी पोरं राजकारणापायी घरी बसवली!" मी म्हटलं, मामा, त्यांना घरी बसवण्यात एका कवीचा हात होता. सगळे खो खो हसले. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात माझी ओळख 'आमची कवींची वकील'.

तो कवी डेनिस ब्रुटस. वर्णभेदी संघांना खेळू देऊ नका म्हणून त्यानं क्रीडासंघटनांच्या मागे लकडा लावला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला दक्षिण आफ्रिका मुकली, १९७० मध्ये ऑलिंपिक चळवळीतूनच तिची हकालपट्टी झाली. या पठ्ठ्याला मात्र १९६३ मध्येच जोहान्सबर्गमध्ये पोलिसांपासून पळताना पाठीत गोळी लागली, मग रॉबेन बेटावरच्या तुरुंगात खडी फोडणं. सुटल्यावर कविता छापायला बंदी, म्हणून भावजयीला पत्रं लिहिली. त्याच कविता! त्यांत घोषणाबाजी नाही. एकीत तो मध्यरात्री तारे दिसावेत म्हणून गजांतून हात घालून बाहेरच्या बटणानं कोठडीतला दिवा मालवतो. पहारेकरी धावत येतात. पुढे त्याला दरडावणं आठवतं, तारे नाही. माणसाची अब्रू कशी काढतात, हे मला कुठल्या भाषणातून इतकं कळलं नव्हतं.

मामा म्हणतात, बहिष्काराचं काम क्रीडासंघटनांशी केलेल्या पत्रव्यवहारानं झालं, कवितेनं नाही. असेल. मग सरकारनं कवितेवर बंदी कशाला घातली? आणि २००७ मध्ये ब्रुटसला क्रीडासन्मान देऊ केला, तो त्यानं नाकारला. वर्णभेदी खेळाच्या मानकऱ्यांच्या पंगतीला बसायचं नव्हतं त्याला. तुमच्याही घरात 'खेळात राजकारण नको'वाले असतील, तर त्यांना विचारा, १९७४ ला दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं नाही म्हणून आपण टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल सोडली, ती चूक होती का? विचाराच.

बाकी खंडाबद्दल, सेनेगलचा कवी आणि राष्ट्राध्यक्ष सेंगोर वगैरेंबद्दल, कुणी जाणकार लिहील.

आणि हो, कवी म्हणजे संत नव्हे. अंगोलाचा आगोस्तिन्यो नेतो पोर्तुगीजांच्या कैदेत कविता लिहायचा. १९७५ ला राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९७७ च्या फसलेल्या बंडानंतर त्याच्याच राजवटीत हजारो माणसं मारली गेली. हे मामांना मी अजून सांगितलेलं नाही.