प्रवासाचं बोला : सासूबाईंचा गुडघा आणि भावजींचं स्वित्झर्लंड

प्रश्न : ताई, येत्या मे महिन्यात सासूबाईंना ७५ पूर्ण होतायत. त्यानिमित्त सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं ठरतंय. आम्ही, पुण्याचे थोरले दीर-जाऊबाई, नणंदेकडची माणसं, पोरंटोरं धरून १२ जण. भावजी स्वित्झर्लंडवर अडून बसलेत. नणंदेचे यजमान यंदाच निवृत्त झाले; त्या उघड काही बोलत नाहीत, पण ‘जवळचंच बघा’ म्हणतात. सासूबाईंचा एक गुडघा बदललाय, जिना नको वाटतो. ठरवाठरवी माझ्या गळ्यात पडलीय. एखादं मोठं घर भाड्याने घ्यावं आणि जेवणाचं मी बघावं, अशीही एक सूचना आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या सूचनेपासूनच सुरुवात करते. ती कोणी केली हे विचारत नाही, तुम्ही नाही केली एवढं नक्की. १२ माणसांचा स्वयंपाक साताऱ्यातही होतो, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढायचं?

आता स्वित्झर्लंड. भावजींची हौस रास्त आहे. टूर मॅनेजर म्हणून मी तिथे गट नेलेत, देश देखणाच आहे. पण अशा सहलीत दर दोन-तीन रात्रींनी हॉटेल बदलतं, आणि सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. एका घरातल्या १२ जणांच्या बॅगा भरताना काय होतं ते मी जवळून पाहिलंय. धाकट्याचा एक मोजा सापडत नाही, आजींच्या गोळ्या नेमक्या खाली गेलेल्या बॅगेत असतात, चार्जर आदल्या हॉटेलात राहिलेला असतो. बस निघते तेव्हा दोन जावा खिडकीबाहेर बघत बसलेल्या असतात, दोघी दोन खिडक्यांतून. त्यात जुंगफ्राउयोख या बर्फातल्या प्रेक्षणीय ठिकाणचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. गाडी थेट वर नेते, गुडघ्याला त्रास नाही, पण विरळ हवेत दम लागतो. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावंच लागेल. स्वित्झर्लंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला मोठ्या माणसामागे ९० युरो लागतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः व्हिसा केंद्रात जावं लागतं. सूट फक्त १२ वर्षांखालच्या मुलांना.

म्हणून माझं मत सरळ आहे : एकच गाव, एकच हॉटेल, बॅगा एकदाच उघडायच्या. तुमच्या गोतावळ्याला मी सिंगापूर सुचवेन. मुंबईहून साडेपाच तासांच्या आसपास विमान, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे, आणि एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनात लिफ्ट. भाड्याच्या घराचा विषयही तिथे आपोआप मिटतो. खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणं तिथे बेकायदा आहे. इंटरनेटवर जाहिरात दिसली तरी नादी लागू नका. लिटल इंडिया स्टेशनच्या परिसरात एकाच हॉटेलात, शक्यतो एकाच मजल्यावर खोल्या घ्या. तिथल्या खोल्या आटोपशीर असतात, चौघांना एकीत कोंबू नका. सेरंगून रोडवर शाकाहारी जेवण पावलोपावली मिळतं. तिथलं कोमला विलास हे हॉटेल तर १९४७ पासून आहे. टॅक्सीत चौघेच बसतात, तेव्हा विमानतळावरून मोठी गाडी आधीच सांगून ठेवा.

दिवस कसा घालवायचा? सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचं, हा हट्ट सोडा. रोज एक कार्यक्रम आणि रात्रीचं जेवण एकत्र, बाकी ज्याचं त्याने. मुलं आणि त्यांचे बाबा सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओला दिवस काढतील; सासूबाई तेवढ्यात श्रीनिवास पेरुमाळचं दर्शन घेऊन बोटॅनिक गार्डनमध्ये सावलीला बसतील. ही बाग २०१५ पासून जागतिक वारशात आहे आणि ऑर्किडचा भाग सोडला तर फुकट आहे. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे या बागेतल्या लोखंडी महावृक्षांखाली सगळे जमा. तिथल्या दिव्यांच्या खेळालाही पैसे पडत नाहीत. नणंदबाईंना हे दोन ‘फुकट’ जरूर ऐकवा, मात्र एकट्या असताना.

पैशांचं बोलणं बुकिंगच्या आधी करा, तेही तिन्ही भावंडांनी समोरासमोर बसून. सासूबाईंचा खर्च तिघांत सारखा, तिकिटं आणि खोल्या ज्याच्या त्याच्या, खरेदी ज्याच्या त्याच्या कार्डावर. भावजींना बहिणीचा भार थोडा उचलायचा असेल तर फार चांगलं, पण ते दोघांतच राहू दे. असल्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आल्या की सहलीचं वाटोळं होतं. आणि परदेशी पॅकेज घेतलंत तर कंपनी टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, घेते. ज्याच्या पॅनवर बुकिंग, त्याच्याच विवरणपत्रात तो वळता होतो. तेव्हा एकाने सगळ्यांचं बुकिंग करण्यापेक्षा तीन वेगळी केलेली बरी.

कागद आजच काढा. सगळ्यांचे पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारे हवेत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो हमखास विसरला जातो. सासूबाईंचा नवा काढायचा असेल तर आधी नाव जुळवा. आधारवर ‘कमलबाई’ आणि पेन्शनच्या कागदावर ‘कमल’, असं त्या पिढीत घरोघरी असतं. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत ऑनलाइन होतो. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, पैसे मागणाऱ्या भलत्याच साइटवर भरू नका. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. बदललेल्या गुडघ्याने तपासणीत यंत्र वाजतं, तर डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये वरच ठेवा. विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका.

खाऊच्या डब्याचंही बघून घ्या. दाण्याची चटणी, ठेपले खुशाल न्या. अनारसे मात्र घरीच. त्यावर खसखस असते, आणि अफूच्या झाडाचं बी म्हणून ती सिंगापुरात चालत नाही. घरचा मसाला नेणार असाल तर त्यातही ती आहे का, आठवा.

आणि जूनपर्यंत लांबवू नका. तेव्हा तिथल्या शाळांनाही सुट्टी असते, गर्दी वाढते.

प्रश्न : लेक-जावई दुबईला बोलावतायत. यांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात नुसतं ‘दत्तात्रय’ आहे, आडनावाचा रकाना कोरा. चालेल का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पर्यटक व्हिसावर अडचण येऊ शकते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये असे एकाच नावाचे पासपोर्ट घेणं थांबवलं. नंतर, पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर सवलत दिली गेली, पण तिच्या भरवशावर विमानतळावर काउंटरवाल्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आडनाव घालून पासपोर्ट रीइश्यू करून घ्या, त्यानंतरच तिकीट काढा. तिकिटावरचं नाव नव्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. खसखस दुबईतही बंद आहे, लेकीसाठी डबा भरताना लक्षात असू द्या.