गोळी अडली म्हणजे प्लेट पास झाली असं नाही

तुमचा प्रश्न असा: पणजीत सिक्युरिटी एजन्सी आहे, कॅश व्हॅनवरच्या पोरांसाठी बुलेटप्रूफ जॅकेटात घालायच्या ‘लेव्हल 3+’ च्या प्लेट ऑनलाइन मिळताहेत, दोन मागवून परवानावाल्या मित्राकडून एकीवर गोळी झाडून बघितली तर चालेल का?

नका करू. कायद्याच्या भानगडी आहेतच, पण त्याहून मोठं म्हणजे त्यातून काही कळणार नाही. 9 मिमी किंवा 7.62 चं हत्यार आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. मित्राकडे असेल ते बहुधा .32 चं पिस्तूल. त्याची गोळी रायफलीसाठी बनवलेली कुठलीही प्लेट अडवते. त्यावरून एके-47 चा अंदाज कसा बांधणार?

मी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कॉम्पोझिटच्या क्वालिटी खात्यात आहे. चाचणीत नेमकं काय करतात ते सांगतो. अमेरिकेच्या न्याय खात्याची एनआयजे नावाची संस्था आहे, तिच्या मानकात प्लेट मातीच्या ठोकळ्यावर पट्ट्यांनी आवळतात. ही माती म्हणजे चवथीच्या गणपतीची शाडू नव्हे, मूर्तिकारांची तेलकट क्ले. ती आधी गरम कपाटात ठेवतात. मग किलोभराचा पोलादी गोळा 2 मीटरवरून तिच्यावर सोडतात आणि खड्डा सरासरी 19 मिमीच्या आसपास पडला तरच काम पुढे सरकतं. माती जास्त कडक असेल तर वाईट प्लेटही पास होईल, म्हणून हा खटाटोप. गोळी घट्ट बसवलेल्या नळीतून सुटते, वाटेत तिचा वेग मोजला जातो, आणि वेग ठरल्यापेक्षा कमी भरला तर ती गोळी पास करायला धरतच नाहीत.

नंतर प्लेट उचलून मागचा खळगा मोजतात. मर्यादा 44 मिमी. गोळी प्लेटमध्येच अडली, पण माती 55 मिमी दबली, तर प्लेट नापास. आत छाती असती तर बरगड्या गेल्या असत्या, कदाचित लिव्हरही. तुमच्या अंगणातल्या चाचणीत हा खळगा कोण मोजणार?

आता ‘3+’ बद्दल. असा दर्जा त्या मानकात नाहीच, तो विकणाऱ्यांनी काढलाय. 2008 च्या मानकात लेव्हल 3 म्हणजे 7.62 नाटो रायफलीची साधी गोळी, सेकंदाला 847 मीटरने, एका प्लेटवर सहा. लेव्हल 4 म्हणजे .30-06 ची चिलखतभेदी गोळी, 878 मीटरने, आणि तीही एकच. हे ‘एकच’ जाहिरातीत सापडत नाही. गंमत अशी की पॉलिथिलीन या प्लॅस्टिकची हलकी प्लेट नाटोची मोठी गोळी आरामात पचवते, पण 5.56 ची पोलादी टोकाची बारकी गोळी तिच्यातून आरपार जाऊ शकते. म्हणून 2023 च्या नव्या मानकात ती गोळी आरएफ 2 या दर्जात वेगळी घातली. आपल्याकडे 2018 पासून आयएस 17051 हे भारतीय मानक आहे, त्यात सहा लेव्हल. 2024 मध्ये डीआरडीओच्या कानपूर प्रयोगशाळेने सहाव्या लेव्हलचं जॅकेट जाहीर केलं, तेव्हा सहा गोळ्या झेलल्याचं मुद्दाम सांगितलं होतं.

विक्रेत्याकडे मागायचा तो पूर्ण रिपोर्ट: कुठली गोळी, किती वेग, किती फैरी, प्रत्येक खळग्याची खोली, आणि चाचणीआधी प्लेट भिजवली-आपटली होती का. नुसतं सर्टिफिकेटचं पान दाखवणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

गोव्यात हे भिजवणं-आपटणं जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत 2003 मध्ये झायलॉन धाग्याचं जॅकेट एका पोलिसाला गोळी लागली तेव्हा अडवू शकलं नाही. दमट हवेत तो धागा कुजतो असं तपासात निघालं, आणि 2005 मध्ये त्याची मान्यता गेली. आज झायलॉन कुणी घेत नाही, पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, तेव्हा जॅकेटातल्या केव्हलार धाग्याच्या मऊ पॅनेलचं सीलबंद आवरण फाटलंय का ते बघत जा; ओला केव्हलार गोळी नीट धरत नाही. पॉलिथिलीनला उष्णता सोसत नाही, म्हणून मे महिन्यात बंद व्हॅनमध्ये प्लेट टाकून ठेवू नका. सिरॅमिकची प्लेट हातातून फरशीवर पडली तर वरून धड दिसेल, आत तडा असेल. तो एक्स-रेमध्येच दिसतो.

आणखी एक: प्लेटमागच्या लेबलवर ‘आयसीडब्ल्यू’ असेल तर ती मऊ पॅनेल मागे असतानाच पास झालेली आहे, नुसती अंगावर घालून उपयोग नाही. लेबलचा फोटो टाका, वाचून सांगतो.