वाचक विचारतात: घरी गाणी ऐकायला कुठला प्लेअर घेऊ?

प्रश्न: वय ६८, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयेत. सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. मुलाने हौसेने खिशात मावणारा प्लेअर आणून दिला पण त्यावरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मी ऐकणार घरीच, खुर्चीत बसून. चष्मा न शोधता गाण्याचं नाव दिसायला हवं. स्क्रीन किती इंची बघू?

उत्तर: इंच सोडा हो, अक्षराची उंची बघा. मोठ्या स्क्रीनवर अर्ध्याहून जास्त जागा अल्बमचा फोटो खातो आणि नाव बिचारं खाली कोपऱ्यात, असं बऱ्याच प्लेअरचं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो तक्ता असतो ना, त्यात नॉर्मल नजरेची जी ओळ धरतात त्यातलं अक्षर ६ मीटरवरून साधारण ९ मिलिमीटर उंच असतं, म्हणजे ३ मीटरवरून साडेचार, आणि तेही जेमतेम, डोळे ताणून. आरामात वाचायचं तर त्याच्या तिप्पट धरा. त्यातून आपली देवनागरी, वर वेलांटी खाली उकार, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा बारीकच पडतं.

एक करा. कागदावर एकाच गाण्याचं नाव ५, १० आणि १५ मिलिमीटर उंचीत लिहा, प्लेअर जिथे ठेवणार तिथे चिकटवा आणि तुमच्या खुर्चीत जाऊन बसा. जी ओळ पटकन वाचता येईल ते तुमचं माप. तोच कागद दुकानात न्या आणि स्क्रीनला लावून बघा, सेल्समन हसला तर हसू दे.

जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची गाणीही न्या, मराठी नावांची. काही प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, नावाच्या जागी नुसते चौकोन येतात, आणि हे घरी आल्यावर कळतं. शिवाय प्लेअर बहुतेक वेळा फाइलचं नाव नाही, आतला टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेलं गाण्याचं-गायकाचं नाव दाखवतो, तो रिकामा असेल तर कितीही भारी स्क्रीनवर ‘अननोन’च दिसणार. हे टॅग भरायला एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर फुकट, मुलाला एक रविवार बसवा त्यावर.

माझं मत विचाराल तर घरासाठी खिशातला प्लेअर घेऊच नका. टेबलावर ठेवायचा, फिरवायचं बटण असलेला घ्या, कारण आवाज कमी करायला टचस्क्रीनवर बोट घासत बसणं म्हणजे डोक्याला ताप. स्क्रीन किती वेळाने विझते ते सेटिंगमध्ये बदलता येतं का तेही विचारा, नाहीतर नाव वाचायला दर वेळी उठून बटण दाबा. ओएलईडी, म्हणजे ज्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, तिच्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं झकास उठून दिसतात, बाजूने बघितलं तरी, पण एकच चित्र महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर त्याचा डाग राहू शकतो, तेव्हा तिथे पाच-दहा मिनिटांनी विझलेली बरी.

आवाजाच्या क्वालिटीचं टेन्शन घेऊ नका, सीडी फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) उतरवल्या असतील तर काहीच हरवत नाही आणि १२८ जीबीच्या कार्डात तीनशेच्या आसपास सीडी बसतात. आणि हो, घरात जुना टॅबलेट पडलाय का? स्पीकरला जोडा, फॉन्ट सगळ्यात मोठा करा आणि आठवडाभर तोच वापरून बघा, कदाचित दुकानात जावंच लागणार नाही.