२० व्हेरिएबल्स आणि जेमतेम २०० तिमाह्या, प्रायर (डेटा बघण्याआधीचा अंदाज) लावणं म्हणजे चीटिंग का?

प्रश्न: मी जीडीपी, महागाई, व्याजदर वगैरे धरून २० व्हेरिएबल्सचं व्हीएआर मॉडेल (प्रत्येक व्हेरिएबलचा अंदाज त्याच्या आणि बाकी सगळ्यांच्या मागच्या आकड्यांवरून काढणारं) करतेय, ५० वर्षांचा तिमाही डेटा आहे आणि ४ लॅग, म्हणजे मागच्या ४ तिमाह्यांचे आकडे, घेतलेत. साध्या ओएलएसने (लीस्ट स्क्वेअर्स) फोरकास्ट कुठच्या कुठे भरकटतात. गाइड म्हणतात बेझियन कर, म्हणजे प्रायर आणि डेटा दोन्ही जोडून उत्तर काढ, पण प्रायर लावायचा म्हणजे मनातलं उत्तर आधीच घुसवायचं, असं नाही का होत?

उत्तर: नाही होत. आधी मोजून बघा, एका समीकरणात २० गुणिले ४ म्हणजे ८० कोइफिशियंट्स (गुणक) आणि एक कॉन्स्टंट, अशी २० समीकरणं, एकूण १६२० आकडे शोधायचे आणि तिमाह्या फक्त २००, मग ओएलएस नॉइजसुद्धा पाठ करून बसतं आणि फोरकास्टला तोंडघशी पडतं.

१९८० च्या आसपास लिटरमन, सिम्स या मंडळींनी यावर जो मिनेसोटा प्रायर काढला तो अगदी साधं म्हणतो, की पुढच्या तिमाहीचा आकडा या तिमाहीइतकाच धरा, जुने लॅग आणि दुसऱ्या व्हेरिएबल्सचे लॅग शून्याकडे ओढा. डेटात खरंच दम असेल तर तो प्रायरला हटवतोच! उत्तर घुसवणं ते हे नव्हे.

आता किती ओढायचं, खरी मेख इथे आहे. बान्बुरा, जानोने आणि राइशलिन यांनी २०१० च्या पेपरात १३१ व्हेरिएबल्सपर्यंत मजल मारली, आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच की व्हेरिएबल्स वाढतील तसा प्रायर घट्ट करत न्यायचा. तो घट्टपणाही अंदाजाने ठरवू नका, मार्जिनल लाइकलिहूड (त्या प्रायरसकट मॉडेलला हा डेटा किती शक्य वाटतो त्याचं माप) जिथे जास्तीत जास्त येतं तिथे ठेवा, म्हणजे तुमची "मनातलं उत्तर" ही शंकाही बरीचशी मिटते.

एक चूक मात्र फार जण करतात. डेटा लॉग लेव्हलमध्ये (मूळ आकड्यांचा लॉग) असेल तर स्वतःच्या पहिल्या लॅगचा प्रायर मीन (प्रायरची सरासरी) १ ठीक आहे, पण ग्रोथ रेट घेतले असतील तर तो ० हवा, नाहीतर एका तिमाहीची उसळी मॉडेल पुढे ओढतच राहतं.

आणि २०२० च्या कोविडच्या तिमाह्या तशाच टाकू नका, त्या उड्या एवढ्या मोठ्या आहेत की सगळे कोइफिशियंट्स हलतात, त्या काळापुरता व्हेरियन्स (चढउताराचं माप) वाढू द्या. त्यासाठी स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटी (व्हेरियन्स काळानुसार बदलू देणारी पद्धत) घेणार असाल तर एकेक समीकरण सोडवणारा २०१९ चा कारिएरो, क्लार्क, मार्चेलिनो यांचा अल्गोरिदम वेगवान आहे, पण त्यात चूक निघाली होती आणि ती नंतर दुरुस्त झाली, तेव्हा कुणाचा जुना कोड उचलताना दुरुस्त व्हर्जन आहे ना एवढं नक्की बघा.