वाचकांचे प्रश्न: घरी शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षा

आमची मुलगी ९ वर्षांची आहे. तिसरीनंतर शाळा सोडून ती घरीच शिकते. सासूबाई म्हणतात, परीक्षाच नाही तर पोरीला काय येतं हे कळणार कसं? कायद्याने परीक्षा द्यावी लागते का? (एक वाचक, नाशिक)

कायद्याने नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ३० नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, पण ती शाळेच्या पटावरच्या मुलांसाठी. होमस्कूलिंगचा या कायद्यात उल्लेखच नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. पुढे कधी शाळेत परतायचे ठरले, तर कलम ४ प्रमाणे मुलीला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

तरीही सासूबाईंचा प्रश्न उडवून लावू नका, तो अगदी रास्त आहे. गुण नसले तरी चालेल, पण चूक नेमकी कुठे होते ते कळलेच पाहिजे. मुलीला विचारा, ०.४५ मोठे की ०.५? पुष्कळ मुले ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. याच मुलांना ०.४५ आणि ०.३२ दिले की उत्तर बरोबर येते, पण तेही त्याच चुकीच्या नियमाने! दोन्ही संख्यांत दशांशचिन्हानंतर सारखेच आकडी अंक (दोन आणि दोन) असलेली दहा उदाहरणे दिलीत तर दहापैकी दहा मिळतील आणि चूक तशीच दडून राहील. म्हणून प्रश्न मोजकेच विचारा, पण असे अडवणारे विचारा. उत्तराबरोबर ‘कसं काढलंस?’ हेही विचारा. इथे अडखळली तर १०० चौकोनांच्या कागदावर ०.५ आणि ०.४५ रंगवायला द्या. ५० आणि ४५ चौकोन शेजारी शेजारी दिसले की फरक तिचा तिलाच कळतो.

धडा शिकवला त्याच दिवशी विचारू नका, तेव्हा सगळेच येते. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग सहा-आठ प्रश्न आणि वीस मिनिटे पुरेत. भाषेसाठी बालभारतीच्या पुस्तकातला तिने न वाचलेला उतारा घ्या. एक पान मोठ्याने वाचून घ्या, मग आशय स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहायला सांगा. हे कागद तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. आजीलाही दाखवा.

बाहेरची परीक्षा हवीच असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना शाळेचा पट लागत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे तसे नाही, तिचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो.

मुलगा १३ वर्षांचा आहे आणि कधीच शाळेत गेलेला नाही. दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा की एनआयओएस? (एक वाचक, कोल्हापूर)

तुमच्या बाबतीत एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसता येते, पण त्याला पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि शाळा सोडल्याचा दाखलाही मागतात. तुमच्या मुलाकडे दोन्ही नाही. एनआयओएसला १४ वर्षे पूर्ण, जन्मदाखला आणि ‘या अभ्यासक्रमाइतकी माझी तयारी आहे’ असे स्वयंघोषणापत्र चालते. मराठी माध्यमही आहे.

पाच विषय लागतात आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्यात नऊ संधी मिळतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा होतात. सगळे विषय एकदम देऊ नका. ऑक्टोबरला दोन आणि एप्रिलला तीन, अशी विभागणी मुलाला झेपते. मात्र अकरावीला कॉलेजात जायचे असेल तर शेवटचे विषय एप्रिलवर ठेवू नका. तो निकाल जूनमध्ये लागतो आणि तोवर अकरावीच्या फेऱ्या सुरू झालेल्या असू शकतात. आदल्या ऑक्टोबरपर्यंत मोकळे व्हा.

घोटाळे होतात ते अभ्यासात कमी आणि कागदपत्रांत जास्त. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, हे फॉर्म भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या. प्रवेश शुल्क भरले की परीक्षा शुल्कही भरले असे समजू नका, ते वेगळे असते आणि त्याची मुदतही वेगळी. टीएमए म्हणजे गृहपाठाला २० टक्के वाटा आहे. तो वेळेत जमा न करणारे हातचे गुण घालवतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरी शिकलेली मुले बोलताना भराभर उत्तरे देतात, पण कागदावर अडकतात. आवडता प्रश्न मिळाला की त्यातच चाळीस मिनिटे घालवतात, शेवटचे तीन प्रश्न कोरे राहतात आणि तासाभरात हात भरून येतो. म्हणून सहा महिने आधी सुरुवात करा. आधी आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग लेखन, दोन महिन्यांनी तास-दीड तास, शेवटच्या दोन महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून. किती गुणांना किती ओळी हे आधी ठरवा: दोन गुणांच्या उत्तराला तीन-चार ओळी, जास्त नाही. मुलाची पहिली पूर्ण वेळाची प्रश्नपत्रिका परीक्षा केंद्रावर सोडवली जाऊ नये.

दहावी-बारावी न देता चांगल्या संस्थेत प्रवेश मिळतो असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

क्वचित. मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्याकडे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. मात्र इन्फॉर्मॅटिक्सच्या, म्हणजे संगणक प्रोग्रॅमिंगच्या, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीनदा पदक होते. आयआयटीचा दरवाजा मात्र बारावीअभावी तिला बंदच होता. अशा पदकाच्या भरवशावर घराची आखणी करू नका. जेईईला एनआयओएसची बारावी चालते, पण पाच विषय उत्तीर्ण हवेत. दहावी आणि बारावीचे प्रमाणपत्र यांत दोन वर्षांचे अंतर लागते, हे दहावी कधी द्यायची ते ठरवतानाच ध्यानात घ्या.