टाळूवरचं लोणी नव्हे, ताई

"मॅडम, त्यांच्या नावावर कर वाचवायचा म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यासारखं वाटतं हो."

जुलै २०२४. माझ्याकडे करसल्ल्यासाठी आलेल्या, समोर बसलेल्या ताई प्राथमिक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अपघातात यजमानांच्या मणक्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं. दिव्यांगत्व ९० टक्के, कमाई शून्य. अकरा वर्षं ताई रात्री दोनला उठून त्यांची कूस बदलत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गेले. त्यात कुणीतरी सांगितलं, "माणूसच नाही, आता कसली वजावट?"

असं ऐकून गप्प बसलेल्या बऱ्याच जणी माझ्याकडे येतात. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ८०डीडी अवलंबून असलेल्या दिव्यांग जोडीदारासाठीही होतं. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर करपात्र उत्पन्नातून वजावट सव्वा लाख. ती ठरावीक रक्कम असते, महिने मोजून कापत नाहीत. एप्रिल ते नोव्हेंबर ताईंनीच त्यांना सांभाळलं होतं, म्हणजे २०२३-२४ ची पूर्ण वजावट त्यांचीच.

खरी मेख वेगळीच होती. पगारातून नव्या करप्रणालीने (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ४३,६८० रुपये कापले होते आणि नव्या प्रणालीत ८०डीडी नाही. पण नोकरदाराला विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडता येते, मुदतीत भरलं तर. मुदत ३१ जुलै. हातात नऊ दिवस होते.

आम्ही कागद काढले. पगार ९,२०,०००. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, भविष्य निर्वाह निधी वगैरे दीड लाख, गृहकर्जाचं व्याज ९५,००० (व्हीलचेअर आत जावी म्हणून तळमजल्याचं घर घेतलं होतं). वर हे सव्वा लाख. उरले ४,९७,५००. पाच लाखांच्या आत, म्हणजे जुन्या प्रणालीत कर शून्य, कापलेले सगळे परत.

ताई आकड्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "हे त्यांच्या मरणाचे नाहीत, तुम्ही जागलेल्या रात्रींचे आहेत." तेव्हा कुठे त्या रडल्या.

मग पर्समधून यजमानांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून विचारलं, "हे आता परत करायचं का?" म्हटलं, नाही, प्रमाणपत्रासोबत जपून ठेवा, आयकरवाल्यांनी विचारलं तर दाखवावं लागेल.

पुढच्या वर्षापासून ही वजावट नाही, हेही सांगावं लागलं. घराचे हप्ते तेवढेच, मदत मात्र एकदम थांबते. हे मला पटत नाही. म्हणून पुढचं वर्ष दोन्ही प्रणालींत मांडून पाहायला त्यांना पुन्हा बोलावलं आहे.