कॉलनीतून आलेल्या गाडीने चौकात धडक दिली: चूक कोणाची, आणि क्लेममध्ये काय लिहायचं?

कॉलनीतून आलेल्या गाडीने चौकात तुमच्या गाडीला धडक दिली, चूक कोणाची आणि विम्याच्या क्लेममध्ये काय लिहू, असं तुम्ही विचारलंय. त्या प्रश्नातल्या एका ओळीवर मी अडकलो. "गॅरेजवाला म्हणतोय, दुसऱ्या गाडीचं नाव काढू नका, खांबाला घासली असं लिहा, क्लेम लवकर सुटेल." बाकीचं पुढे सांगतो, पण तसं अजिबात लिहू नका.

मी बावीस वर्षं मोटार सर्व्हेअर म्हणून, म्हणजे विमा क्लेमसाठी गाड्यांचं नुकसान तपासायचं, काम केलं. एकदा असाच खांबाचा क्लेम आला होता. दारावरचा पोचा बंपरच्या उंचीवर, आडवा आणि रुंद. त्यात पांढरा रंग घासलेला, आणि मधोमध दोन बारीक गोल खुणा. दुसऱ्या गाडीच्या नंबरप्लेटचे स्क्रू होते ते. खांबाने पत्रा अरुंद आणि उभा आत जातो, हे रोज गाड्या बघणाऱ्याला लगेच कळतं. तो क्लेम नामंजूर झाला. माणूस प्रामाणिक होता, चूकही त्याची नव्हती. खरं लिहिलं असतं तर त्याला पैसे नक्की मिळाले असते, म्हणून तो क्लेम आजही मनाला लागतो.

असं खोटं लिहिण्यामागे एक गैरसमज असतो, की आपली चूक निघाली तर आपल्या गाडीचे पैसे बुडतील. तुमची पॉलिसी पॅकेज, म्हणजे बोलीभाषेत फुल इन्शुरन्स, आहे. तिच्यातला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग चूक कोणाची हे विचारत नाही. लायसन्स वैध होतं का, दारू प्यायला होतात का, गाडी भाड्याने चालवत होतात का आणि सांगितलेली हकिगत नुकसानीशी जुळते का, एवढंच तिथे बघतात. चूक कोणाची हा प्रश्न येतो तो समोरच्याच्या नुकसानीसाठी, पोलिसांत आणि दुखापतीच्या दाव्यात.

आता चूक. तुम्ही लिहिलंय की रात्री साडेदहा वाजता गंगापूर रोडने सरळ जात होतात, चौकातला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत होता, आणि डाव्या हाताच्या कॉलनीतून आलेली गाडी तुमच्या मागच्या डाव्या दारावर आदळली. लुकलुकणारा पिवळा म्हणजे दोघांनीही वेग कमी करून, बघून जायचं. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं, आणि मुख्य-उप असा फरक नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम १९८९ च्या रस्ता नियमांत होता, २०१७ च्या चालन विनियमांतही आहे. तो तुमच्या डावीकडून आला, म्हणजे तुम्ही त्याच्या उजवीकडून येत होतात. दोन्ही कसोट्यांवर थांबायचं त्याने होतं.

पण "ज्याने ठोकलं त्याची चूक" एवढ्यावर विसंबू नका. सिग्नल तोडणाऱ्याच्याही कुशीतच धडक बसते. तुमच्या बाजूने खरं बोलणारी गोष्ट वेगळी आहे: मार मागच्या दाराला आहे. त्याच्या गाडीचं तोंड पोहोचलं तेव्हा तुमची बरीचशी गाडी त्याच्यासमोरून पुढे गेली होती. तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो तो वेग. ताशी ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, आणि लुकलुकत्या पिवळ्यावर त्याहून जास्त वेग असेल तर अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण दोषाचा काही टक्के वाटा तुमच्यावर टाकू शकतं. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं असं तुम्ही म्हणता. त्याचा त्याला दंड होईल, पण तेवढ्याने धडकेचा दोष आपोआप त्याच्यावर जात नाही.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम फुटेजचं. चौकातलं मेडिकल, पेट्रोल पंप, एटीएम, जिथे कॅमेरा दिसेल तिथे विचारा. या रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं आणि जुनं कायमचं जातं. दुकानदाराने कॉपी दिली नाही तर निदान पुसू नका अशी विनंती करा, आणि पोलीस ठाण्यात अर्ज देताना त्या दुकानाचा उल्लेख करा. अर्जाची पोच घ्या. तुम्ही गाड्यांचे जवळून फोटो काढलेत ते चांगलं झालं, पण दोन्ही गाड्या आणि चौक एकत्र दिसणारा एखादा लांबचा फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे का बघा. रस्त्यावर काचेचा चुरा नेमका कुठे पडला, ब्रेकची खूण कुठून सुरू झाली, हे त्यातच सापडतं.

समोरच्या गाडीचा चालक त्याच्या नुकसानीसाठी मागतोय ते ३०,००० देऊ नका. "बरं, बघू" असं व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा कबूल करायचे नाहीत, अशी अट तुमच्या पॉलिसीतच आहे. त्याचं नुकसान तुमच्या चुकीने झालं असं ठरलंच, तर खाजगी गाडीच्या थर्ड पार्टी कव्हरमध्ये इतरांच्या मालमत्तेसाठी साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. त्याला तुमच्या कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक द्या, त्याचाही घ्या आणि संभाषण तिथेच थांबवा.

क्लेम फॉर्ममध्ये एवढंच लिहा: "अमुक तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास मी गंगापूर रोडने सरळ जात होतो. सिग्नल पिवळा लुकलुकत होता. डावीकडच्या कॉलनी रस्त्याने आलेल्या अमुक क्रमांकाच्या गाडीची माझ्या मागच्या डाव्या दाराला धडक बसली. मागे बसलेल्या आईच्या खांद्याला मार लागला." वेग नक्की माहीत नसेल तर अंदाजाने आकडा टाकू नका. आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दार खोलू देऊ नका, गॅरेजवाला कितीही घाई करो.

क्लेम करावा की खिशातून भरावं, याचा हिशोब मांडून बघा. गाडी साडेचार वर्षांची, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचं इस्टिमेटही ३०,०००. समजा त्यात दार १४,०००, प्लास्टिकचे भाग ४,००० आणि मजुरी-रंग १२,००० आहे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूवर ३५ टक्के घसारा, प्लास्टिकवर ५० टक्के, रंगाच्या सामानावरही ५० टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. हातात साधारण २१,००० येतील.

दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळणारी सूट. तुमचा आता ४५ टक्के आहे, पुढच्या नूतनीकरणाला ५० झाला असता. क्लेम केला की शून्य, मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० धरला तर पाच वर्षांत ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० असे मिळून १२,५०० जातील. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. तुमच्या जागी मी क्लेम केला असता. इस्टिमेट १२-१५ हजारांचं असतं तर केला नसता.

कंपनीने विनाकारण अडवलं तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे आणि फी नाही. मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

आईच्या खांद्याबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत, जाता जाता लिहिलंय. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजच दवाखान्यात न्या, अपघातात लागलं असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तसं केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रे, बिलं, औषधांच्या पावत्या सगळं त्यांच्या नावाने ठेवा. दुखापत आहे म्हटल्यावर पोलिसांत कळवणं ऐच्छिक राहत नाही. फ्रॅक्चर निघालं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती उलटू देऊ नका. तुम्हा दोघा चालकांच्या चुकीचं प्रमाण काहीही ठरो, आई नुसत्या बसलेल्या होत्या. दोन वाहनांच्या चुकीने जखमी झालेल्या प्रवाशाला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे "माझ्या मुलावर येईल" म्हणून त्या दुखणं लपवत असतील, तर त्यांना जवळ बसून हे समजावून सांगा.